ताप चढणारी फायरवॉल

“डिसोझा मॅडम, आज पुन्हा बंद पडली, तर तुमचं कॉन्ट्रॅक्टही बंद,” परळच्या पॅथॉलॉजी लॅबचे मालक नार्वेकर साहेब फोनवर म्हणाले. माझी कंपनी म्हणजे मी आणि माझा लॅपटॉप. ही लॅब सुटली असती, तर दोघंही घरी बसलो असतो.

बंद पडत होती फायरवॉल. ऑफिसच्या इंटरनेटच्या दारातला वॉचमनच म्हणा, एक चपटा डबा. तो बंद पडला की इंटरनेट बंद, रिपोर्ट अडकलेले आणि काउंटरवर बोंबाबोंब. मी तपासायला गेले की मात्र डबा ठणठणीत. साहेब माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच त्यांना बनवतेय.

म्हणून त्या दिवशी गिरगावात घरूनच लॉगिन केलं. कमांड लाइन म्हणजे नुसता काळा स्क्रीन. आपण एक ओळ टाइप करून तब्येत विचारायची, डबा आकड्यांत उत्तर देतो. सीपीयू ठीक, मेमरी ठीक. टेम्परेचर मात्र चढत चाललेलं. फार तापला की हा डबा स्वतःच बंद होतो. पण एसीतल्या डब्याला ताप कशाने?

लॅबला फोन करून “निघतेय” म्हणाले आणि चपला घालता घालता पुन्हा स्टेटस विचारलं. ताप उतरत होता. माझ्या येण्याच्या नुसत्या बातमीने मशीन बरं होत होतं. घरी मला एवढा मान नाही.

पुन्हा फोन केला, येणं रद्द म्हणून कळवलं आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले. भायखळ्यापर्यंत ताप परत चढला.

न सांगता आत शिरले. फायरवॉलच्या अंगावर मरून रंगाच्या मखमलीचं, झालर लावलेलं कव्हर. रिसेप्शनच्या सुनंदाताईंनी शिवलेलं. लॅबच्या रंगकामात धूळ उडाली, तेव्हापासून त्या रोज मायेने घालत होत्या.

“मग मी येणार म्हटलं की काढता का?” मी विचारलं.

“अहो, पाहुणे येणार म्हटल्यावर कव्हरं काढतोच ना आपण,” ताई म्हणाल्या.

मागून आलेले साहेब काही बोलण्याआधी मीच म्हटलं, शिवण फार सुंदर आहे, फक्त मशीनला हवा लागते. ताईंचा चेहरा एवढासा झाला. मला खरंच वाईट वाटलं. कव्हर मी माझ्या लॅपटॉपसाठी मागून घेतलं. साहेबांनी खाली मान घालून पुढच्या वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली.

तेव्हापासून साइटवर न कळवता जाते. कळवून गेलं की पाहुणचार होतो, बिघाड सापडत नाही.