पुसलेला काना

एकोणीसशे साठच्या आसपास मुळशी खोऱ्यातल्या एका गावात मी शाळामास्तर होतो. चावडीच्या भिंतीवर वार्ताफलक होता, तो रोज मीच लिहायचो. पुण्याहून एसटीने येणाऱ्या पेपरातल्या दोन बातम्या आणि खाली एक गावची. फळा केवढासा, पण माझा तोरा मात्र संपादकाचा. सरपंचांनी एकच नियम घातला होता, गावची बातमी आधी त्यांना दाखवायची. सप्ताह, लसटोचणी, हरवलेली म्हैस, असल्या बातम्यांत कापायचं काय? त्यामुळे तो नियम मला कधी बोचला नाही.

एका फाल्गुनात वरच्या वाडीतली एक विधवा शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या झोपडीची जागा सरपंचांना हवी होती. आदल्या दिवशी त्यांच्या गड्यांनी झोपडी पाडली होती.

"गुरुजी, माजं घर पाडलं. उद्या प्रांतसायेब येनार हायेत. तेवढं फळ्यावर लिवा. पावसाच्या आत मला छप्पर पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणालाही न दाखवता लिहिलं, 'वरच्या वाडीत विधवेचे घर पाडले.' खडू खाली ठेवतो न ठेवतो तोच सरपंच मागे उभे. ओरडले नाहीत.

"मास्तर, शुद्धलेखन चुकलं तुमचं. एक काना जादा झालाय. आन् हितं ऱ्हायचं हाय न्हवं तुमाला?"

काना त्यांनी पुसला नाही, मी पुसला, माझ्या अंगठ्याने. 'घर पडले.' एवढ्याशा कान्यापायी बदली कशाला ओढवून घ्या, अशी मनाची समजूतही घातली. त्या समजुतीची मला आजही लाज वाटते.

साहेब जीपमधून उतरले, फळा वाचला आणि चावडीत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "वाऱ्याने पडलं का हो?" सरपंच माझ्याकडे बघत होते. मी "हो" म्हणालो. चहा झाला, साहेब गेले.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर बघतो तर ती बाई फळ्याखाली बसलेली. तिला अक्षरओळख नव्हती. मला बघून तिने हात जोडले.

"सायबानं समदं वाचलं गुरुजी, म्या लांबनं बगितलं. प्वारं हात लावत्यात, पुसून जाईल म्हून सायेब गेल्याधरनं हितंच बसलीया."