बुजवलेलं खिंडार

लिंबागणेशच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर आमचं रान होतं. माती वाहून जाऊ नये म्हणून आजोबांनी तिथं दगडमातीचा बांध घातला होता. त्याला आम्ही ताल म्हणतो. वडील गेले त्याच पावसाळ्यात तो मधोमध फुटला. म्हैस आरपार जाईल एवढं खिंडार पडलं. आणखी एक मोठा पाऊस झाला की खालचा खडक उघडा पडणार, हे माझ्याआधी मायला कळलं होतं.

फुटके ताल बांधायला निजामाचं सरकार मदत देतं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. चावडीवर जाहीरनामा होता, पण उर्दूत. रान मराठीत नांगरायचं आणि मदत उर्दूत शोधायची! इंग्रजी हद्दीतून चोरून येणारी निजामाविरुद्धची पत्रकं वाचून माझं डोकं आधीच तापलेलं. शाळेत शिकलेल्या उर्दूवर मी जाहीरनामा वाचला आणि बीडला जाऊन अर्ज दिला. गिरदावर, म्हणजे महसुलाचा तपासणी अधिकारी, खिंडार स्वतः पाहील, मगच मंजुरी, असं कारकून म्हणाला. गिरदावर येतोय एवढाच निरोप मी मायला धाडला आणि दोन दिवसांनी त्याला घेऊनच निघालो. तो घोड्यावर, मी पायी.

रानात पोचलो तर खिंडार गायब. मायनं शेजारणी बोलावून ते दगड-ढेकळांनी बुजवलं होतं, वरून शेणानं सारवून रांगोळी घातली होती. पाहुणा यायचा असला की आमच्याकडे फुटकी भिंत आधी लिंपून घेतात.

"माय, हे कावून केलंस?"

"सरकार पहिल्यांदा बांधावर येतंय. मालक गेला अन् रान उघडं पडलं, असं दिसावं व्हय त्याला?"

गिरदावर हसला. "ताल लई झकास हाय, माई. मदत काय रांगोळीला पायजे?"

मी धावलो आणि लाथेनं दगड पाडू लागलो. "बघा, आतून पोकळ हाय!"

त्याचं हसू गेलं. "माझ्यादेखत ताल पाडतो बे? सरकारला फसवतो?"

"न्हाई साहेब, खरंच फुटलाय," माय पुढं झाली.

"मग खरं काय समजू? तुझी रांगोळी का पोराची लाथ?"

त्यानं घोडा वळवला.

मायवर मला रागावता आलं नाही. ज्या राज्यात हाकीम फक्त सारा वसुलीला येतो, तिथल्या बाईला तो जखम बघायला येतोय हे कसं उमजावं?

आम्ही दोघांनी जमेल तेवढे दगड रचले. हस्ताच्या पावसानं ते नेले आणि त्यांच्यामागून वावराची माती नेली. उन्हाळाभर माय ओढ्यातला गाळ पाटीनं डोक्यावरून वर आणत राहिली. पुढच्या पावसानं तोही नेला. त्या वावरात पुन्हा ज्वारी उभी राहिली नाही.

पुढं कुठलाही हाकीम येणार म्हणून बायका चावडीपुढं झाडायला लागल्या की माय त्यांच्या हातातले खराटे काढून घ्यायची. बायका हसायच्या.

"ऱ्हाऊ द्या गं," ती म्हणायची, "हाय तसं दिसू द्या त्याला."