पहिल्या घोटाआधी दोन शब्द

श्री. दिगंबर सबनीस यांना मी प्रथम भेटलो ते क्वीन्सटाउनमध्ये, एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावरच्या सहा टेबलांच्या रशियन रेस्टॉरंटमध्ये. पुण्याहून नुकताच या परक्या देशात आलेला मी शाकाहारी इंजिनियर, आणि व्हॉट्सॲपवरच्या मराठी मंडळींनी जेवायला बोलावलं तेही रशियन ठिकाणी. उपाशी राहायची तयारी करूनच गेलो. सबनीस सरांनी मात्र मालकीण ओल्गाबाईंना आधीच सांगून माझ्यासाठी बीटाचं सूप मांसाशिवाय, वेगळ्या भांड्यात करवून घेतलं होतं.

ओल्गाबाईंच्या टेबलावर एक दंडक असतो. समोरच्या कुणाबद्दल तरी दोन चांगले शब्द बोलल्याशिवाय पहिला घोट घ्यायचा नाही. रॅफल्स प्लेसच्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या सरांनी हा दंडक मनापासून उचलला. त्यांच्या ग्लासात असतं फळांचं सरबत, पण नियम तोच. "आपण माणूस गेल्यावर त्याचं कौतुक करतो. समोर बसलाय तोवर बोला की," असं ते म्हणतात. त्यांच्याविषयी कुणी बोलू लागलं, की मात्र "सूप गार होतंय" म्हणून त्याला खाली बसवतात.

दोन वर्षांनी कंपनीने माझी जागाच रद्द केली. महिन्याभरात दुसरी नोकरी मिळाली नाही, तर देश सोडावा लागणार होता. पत्नी शाल्मली पुण्यातली प्राध्यापकी सोडून माझ्यासाठी इथे आली होती. तिला सांगायचा धीर होईना. आठ दिवस मी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन मेट्रोने निघायचो आणि एका बागेत बसून राहायचो. शेवटी सरांना फोन केला.

"घरी सांगितलंस?"

"नाही, सर."

"मग शनिवारी दोघं जेवायला या."

शनिवारी आम्ही तिघंच होतो. माझी पाळी आली तेव्हा ग्लास धरून उभा राहिलो, पण शाल्मलीचं कौतुक तोंडातून निघेना. "हिने माझ्यासाठी नोकरी सोडली, आणि माझी गेलेली मी हिला सांगितली नाही," एवढंच बोललो.

तिने ग्लास खाली ठेवला. "आठ दिवस डबा धुऊन येतोय. ऑफिसातून कधी धुऊन आणला होतास? तू केव्हा बोलतोस, याचीच वाट बघत होते." मग तिला रडू आलं, मलाही. सरांनी सल्ला दिला नाही. बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या तेवढ्या आणखी मागवल्या.

पुढे जुरोंग ईस्टला नोकरी मिळाली. त्यासाठी सरांनी कितीजणांना फोन केले, ते मला इतरांकडून कळलं. ते उपकार मोठेच, पण माझा संसार सावरला तो त्या शनिवारी.

आता सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची तब्येत ठणठणीत राहो, आणि नवख्या माणसांना त्या टेबलावर बोलतं करायला त्यांना भरपूर आयुष्य मिळो. छापील पानावरून ते मला खाली बसवू शकत नाहीत, म्हणून सगळ्यांदेखत सांगतो: घरी खरं बोलायला मी तुमच्यामुळे शिकलो. सर, आज सूप गार झालं तरी चालेल.