खांबेट्यांचा दरवाजा

वासुदेव खांबेटे यांची उभी नोकरी मोटारींच्या दारांत गेली. दाराला रबर कुठलं, फट किती, पावसाचा थेंब आत शिरतो का, एवढंच! निवृत्त झाल्यावर उंटरश्लाइसहाइमच्या घरातल्या खिडक्यांकडे ते संशयाने बघायला लागले, तेव्हा लतिकाताईंनी हात जोडले. "अहो, आता घराबाहेर काहीतरी शोधा!"

त्यांनी श्लॉयझ शोधली. श्लॉयझ म्हणजे कालव्यातली दगडी खोली, दोन्ही टोकांना ओकचे दरवाजे. खोलीत पाणी भरलं की नाव वर चढते, सोडलं की खाली उतरते. न्युर्नबर्गच्या बाजूला राजेशाहीच्या काळातल्या एका कालव्यावरची ही श्लॉयझ तिथल्या गावातल्या हौशी मंडळींचं फेराइन, म्हणजे संस्था, सांभाळायचं. कोणी बिजागऱ्यांना ग्रीस लावायचं, कोणी दगडांतलं गवत उपटायचं. दरवाजे मात्र जन्माचे गळके. ते बघून खांबेट्यांचा जीव कासावीस व्हायचा.

दोन उन्हाळे खपून त्यांनी दोन्ही दरवाजांच्या कडांना रबर बसवलं, जुन्या लाकडाला कुठे धक्का न लावता. २०१८च्या वसंतात दरवाजे मिटले आणि थेंब गळेना. फेराइनचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, श्ट्रोबल यांनी हात फिरवून पाहिला, म्हणाले, "गेनाऊ! अगदी अचूक!" त्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नव्हती. सप्टेंबरात जुन्या वास्तू लोकांना दाखवायचा रविवार असतो. त्या दिवशी नवा श्लॉयझरक्षक नेमायचा होता, आणि तो मान खांबेट्यांचाच, असं सगळे धरून चालले होते. त्यांना तो मान हवा होता. अगदी लहान पोरासारखा हवा होता, लपवायचं काय त्यात! ऑफिसात ते शेवटपर्यंत 'आमचे भारतीय सहकारी' राहिले. इथे लोक दरवाजा त्यांच्या नावाने ओळखायला लागले होते.

त्या उन्हाळ्यात पाऊस गायब झाला. श्लॉयझच्या खालचा कालवा आटत चालला, आणि सगळ्यांनी दुष्काळाला बोल लावला. ऑगस्टात खांबेटे काठाने खाली चालत गेले, तर चिखलात मासे तोंडं उघडून पडलेले. बांधणाऱ्यांनी पाणी मुरू नये म्हणून तळाला चोपलेली चिकणमाती तडकायला लागली होती. ती एकदा फुटली की कालवा संपलाच. श्लॉयझच्या वर मात्र पाणी काठोकाठ. खांबेट्यांनी वर दरवाजाकडे पाहिलं. खालच्या कालव्याला इतकी वर्षं जगवत होती ती गळतीच, आणि ती त्यांनी बंद केली होती!

दरवाजांतल्या झडपा उघडल्या असत्या तर काम झालं असतं. पण दुष्काळात झडपा उघडायच्या नाहीत असा आम्टचा, म्हणजे सरकारी कचेरीचा, हुकूम, आणि परवानगी देणारे साहेब सुट्टीवर. जुना दरवाजा गळायला मात्र बंदी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिकाम्या खोलीत उतरले आणि पट्ट्या उपटून काढल्या. पाणी तोंडावर उडालं. हातातलं रबर बघून त्यांना रडू आलं, पण एकही पट्टी त्यांनी ठेवली नाही.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी गाव लोटलं. दरवाजांतून धारा लागलेल्या. हेर श्ट्रोबल यांनी धारेखाली हात धरला.

"तर मग, हेर खांबेटे. गळतंय."

"हो," खांबेटे म्हणाले. "रबर टिकलं नाही."

कोणीतरी हसलं. मोटारीच्या दारांचा माणूस ना हा! दुरुस्ती हिवाळ्यात बघू असं ठरलं, आणि रक्षकाची किल्ली युर्गन नावाच्या सुताराला मिळाली. खांबेट्यांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

गाडीत लतिकाताईंचा संताप मावेना. "खरं सांगायला काय झालं होतं तुम्हाला? सगळ्यांसमोर नालायक ठरलात!"

"सांगितलं असतं तर हुकूम मोडला म्हणाले असते," खांबेट्यांनी पट्टा लावला. "आणि गळती आजच परत बंद करायला लावली असती."