वेबसाइट आक्कांच्या नावावर

"तुमचं घोंगडं आलं हो. काय छान मऊ आहे," पुण्याच्या एक बाई फोनवर म्हणाल्या आणि मी खुर्चीतून उठलेच.

आमचं घोंगडं मऊ नसतं. माणदेशच्या मेंढीची लोकर ती, पहिले सहा महिने टोचते. टोचतं ते अस्सल, म्हणूनच लोक मागवतात. बाईंनी तक्रार केली असती तर मी निवांत राहिले असते.

दहिवडीतल्या आमच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत. सकाळी शटर वर करावं, तर कालचा एखादा पायरीवर बसलेलाच असतो. मी इथे ऑनलाइन ऑर्डरी बघते. घर आमचं गाद्या भरणाऱ्यांचं, शिक्षण बीसीए, स्वभाव दचकणारा. कुरिअरवाल्याने हॉर्न दिला तरी माझा चहा सांडतो. "शमा, पगार दचकायचा घेतीस का गं?" असं आमचे मालक बापू दिवसाआड विचारतात.

बाईंनी घोंगडं जिथून मागवलं त्या साइटची लिंक पाठवायला लावली आणि उघडली. नाव आमचं. फोटो आमचे. एका फोटोत तर मागावर बसलेले खुद्द बापू. फरक फक्त शेपटाचा : आमच्या नावामागे डॉट कॉम, त्यांच्या नावामागे डॉट इन.

•

बापूंना हे समजावणं सोपं नव्हतं.

"मेंढीच्या कानाला खूण आसती," ते म्हणाले. "वेबसाइटच्या कानाला न्हाई व्हय?"

"नाव हीच खूण, बापू. पण ती मेंढीच्या पाठीवरच्या रंगासारखी असते. मुदत संपली की परत लावायची. नाही लावली तर जनावर मोकळं, कुणीही आपला रंग मारावा."

"मग आपला रंग कवापतूर हाय?"

हे मी कधी बघितलंच नव्हतं. बघितलं. मुदत संपून गेली होती. साइट नाव विकणाऱ्या कंपनीच्या मेहेरबानीवर चालू होती आणि ती मेहेरबानी सोमवारी संपत होती. तो शुक्रवार होता. डॉट इनवाल्याने आमचं डॉट कॉमही उचललं, तर खरं घोंगडं मागणाऱ्याला आमच्यापर्यंत यायला वाटच उरणार नव्हती.

बापूंनी चष्मा काढला. "आता मी बी दचाकतो," म्हणाले.

•

"मुदत वाढवायची तर कंपनीकडच्या खात्यात शिरायला हवं. ते कुणाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"आक्काच्या. आनि कुनाच्या?"

आक्का म्हणजे बापूंची थोरली बहीण. बापू लहान असतानाच आई गेली, तेव्हापासून या घरात नवं काहीही आक्कांच्या हातानं सुरू होतं. मागाचा पहिला धागा आक्कांचा. टेम्पो आक्कांच्या नावावर, लाइटचा मीटर आक्कांच्या नावावर. मी कामाला लागले तेव्हा आक्का मेंढरांमागे लांब होत्या, तर मला बारा दिवस नुसतं खुर्चीवर बसवून ठेवलं. त्या आल्या, माझ्या खांद्यावर घोंगडं टाकलं, मग बापूंनी कॉम्प्युटर सुरू करू दिला.

"तिच्या नावावर केल्यालं हारवत न्हाई," बापू सांगतात.

हरवलं नव्हतंच. फक्त आक्का वर्षातले सात-आठ महिने सापडत नाहीत.

•

खातं उघडून दिलं होतं सांगलीच्या एका वेबसाइटवाल्याने. त्याचा फोन लागेना, म्हणून दुपारच्या एसटीने गेले. तो आता लग्नाचे व्हिडिओ करतो. दारात पाऊल टाकलं आणि डोक्यावरून ड्रोन घोंघावत गेला. पुढची पाच मिनिटं मी त्याच्याशी टेबलाखालूनच बोलले.

"पासवर्ड? तो जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेला, ताई. मुदतीची पत्रंही माझ्या जुन्या ईमेलवर येत असतील. तो मी कधीच सोडला." मग त्याला काहीतरी आठवलं. "पण पासवर्ड विसरल्यावर एक प्रश्न येतो बघा. 'तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?' मी आक्कांना फोनवर विचारलं, त्यांनी सांगितलं, मी टाकलं."

"काय टाकलंत?"

"ते आठवत नाही. हसलो होतो, एवढंच आठवतंय."

•

शनिवारी आम्ही प्रश्न उघडला. उत्तराच्या संधी तीन.

"पाळीव म्हंजी? आमच्यात काय येक हाय व्हय?" बापूंनी डोळे मिटले. "पर घरातलं समदं जनावर मला म्हाईत हाय. पयली मेंढी हरणी. डोळं झाकून लिव."

चुकलं.

"मग कुत्रं. वाघ्या. आता न्हाई चुकत."

चुकलं. बापू घोडीचं नाव सांगायला तोंड उघडणार, तोच मी कीबोर्ड मांडीवर ओढून घेतला आणि कंपनीला फोन लावला.

"तिसरं चुकलं तर खातं बंद होईल, मॅडम," तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "मग कागदपत्रं पाठवा, पंधरा दिवस लागतील."

"आणि सोमवारी नाव सुटलं तर?"

"मग जो घेईल त्याचं."

•

आक्का त्या वेळी कुंडलकडे होत्या. ऊस तुटून गेलेल्या रानात खतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतात, तिथे. दिवसभर त्यांचा फोन बंद, घोडीच्या पाठीवरच्या गाठोड्यात. संध्याकाळी मेंढरं जाळीत कोंडली की पाच मिनिटं चालू करायचा, पंचावन्न वर्षांच्या बापूंना "जेवलास का रं?" विचारायचं आणि पुन्हा बंद. पण कधी कधी आठवडा आठवडा तेवढाही नाही. आक्कांना कुणी फोन करत नाही, आक्का करतात.

मी केला. शनिवारी केला, रविवारी सकाळपासून केला. बापू समोर बसून मेलेल्या कुत्र्यांची नावं आठवत होते. दिवस कलला तेव्हा माझा अंगठा सवयीने बटण दाबत होता, आणि एकदम रिंग वाजली. फोन हातातून उडाला. बापूंनी झेलला, स्पीकरवर टाकला.

"कोन?" मागे मेंढरांचा कालवा.

मी एका दमात सगळं सांगितलं. "आक्का, एकच संधी उरलीय. हरणी चुकलं, वाघ्या चुकलं."

"हरणी कशी आसंल? ती आमच्या वडलांची, आन्नांची. त्या सांगलीवाल्यानं मला इचारलं हुतं, आक्का, तुमी सोता पाळल्यालं पयलं कुठलं?"

बापू फोनवर वाकले. "मग सांग की गं, त्येचं नाव काय?"



"शमा, लिव गं," आक्का म्हणाल्या. "बापू."