टिल्लूंचं स्वस्त घर

दत्तप्रसाद टिल्लू पहिल्यांदा भेटले ते दुबईशेजारच्या अल मजाजमधल्या आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये; तिथं ते नुकतेच राहायला आले होते. सातवा मजला येण्याआधीच त्यांनी माझं भाडं विचारलं, दिरहॅमचे रुपये केले आणि अशी किंकाळी फोडली की लिफ्टच घाबरून मध्ये थांबली.

रुपये केले की या माणसाला एका जागी बसवत नसे. दर रविवारी बायकोला आणि मुलीला गाडीत घालून ते स्वस्त घर शोधत फिरत.

"अहो, मागच्या वेळचे खोके अजून उघडले नाहीत," साधनावहिनी म्हणत. "एकदाचं कुठंतरी टेकू द्या की!"

"बाबा, नॉट अगेन!" मागच्या सीटवरून शुभ्रा ओरडे.

"यल्ला, चला, हे शेवटचं!"

अखेर खोर फक्कान हे गाव सापडलं. समोर समुद्र, मागे डोंगर आणि भाडं निम्मं. वहिनींनी सगळे खोके उघडले, गॅलरीत तुळस लावली आणि जाहीर केलं, "आता खलास. मी इथून हलणार नाही."

टिल्लूंचं ऑफिस मात्र तिथून शंभराहून जास्त किलोमीटरवर, दुबईतच होतं. रोज गाडी हाकून त्यांची पाठ गेली.

आता सोमवार ते शुक्रवार ते पुन्हा आमच्याच टॉवरमध्ये, एका खोलीत भाड्यानं राहतात. दोन्ही भाडी मिळून जुन्या भाड्यापेक्षा जास्त होतात.