मालकाच्या ओसरीवरची खुर्ची

पोखर्णीच्या शिवारात मेंढरं राखण्यात रायभानची पन्नास वर्षं गेली. दोनशे मेंढरांवरून नुसती नजर फिरवली, की त्यात कुठलं कमी आहे ते तो सांगायचा. अक्षर मात्र एक ओळखीचं नव्हतं. कुणाच्याही दारात गेला तरी उभ्यानंच बोलायचा. त्यात त्याला कधी वावगं वाटलं नव्हतं.

नात दैवशाला आठवीत शिकत होती. तिच्या शाळेत परभणीहून संशोधन करणाऱ्या ताई आल्या. गावात कुणाला किती मान मिळतो, हे शोधायचं काम त्यांनी पोरांवरच सोपवलं. घरातल्या एका माणसासोबत दिवसभर फिरायचं आणि त्याला 'या, बसा' कोण म्हणतं, ते वहीत लिहायचं.

"आबा, मी तुमचंच लिहिणार! तुमीच म्हणता ना, मालक माझ्याबिगर रान पेरत न्हाईत?"

पण मालकानंही त्याला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. रायभान तडक मालकाकडे, माणिकरावांकडे गेला. वीस वर्षं त्याची मेंढरं खतासाठी त्यांच्याच रानात बसत होती.

"मालक, उद्या नात संगं येणार हाय. तिच्यापुढं एकदा नुसतं बसा म्हणा. मी लगीच उठतो."

माणिकराव खदखदून हसले. "एवढंच व्हय रायभान्या? उद्या बघ तुझा थाट!"

दुसऱ्या दिवशी हॉटेलातला चहा उभ्यानं झाला. दुकानात तेच. दैवशालाची पेन्सिल चालूच.

"त्ये सोड गं," रायभान म्हणाला, "मालकाकडं चल."

ओसरीवर चार पाहुणे मांडी ठोकून तयार होते. माणिकराव हात जोडून उठले.

"या, या, श्रीमंत रायभानराव! बसा!"

एका पाहुण्यानं उपरण्यानं खुर्ची झटकली. दुसरा ओरडला, "आरं, हार आणा की साहेबाला!"

रायभान खुर्चीच्या कडेवर टेकला. उठावं तर नात बघायली, बसावं तर हसू वाढायलं. मालक हसले की आपणही हसायचं, ही जन्माची सवय, तोही हसला. एकटी दैवशाला हसली नाही.

परतताना गिरणीवर दळण घेतलं, तेही उभ्यानं.

घरी येताच बायकोनं, कासाबाईनं विचारलं, "बसवलं का वो मालकानं?"

रायभाननं नातीच्या हातातली वही पाहिली. वरच्या ओळी भरलेल्या, खालची भरलेली, मध्ये एक कोरी. त्याच्या नजरेला ती लगेच सापडली. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं.

"हितलं ऱ्हायलंय."

दैवशालानं मान खाली घातली. "ताई म्हणल्या, दिसलं त्येच लिहायचं."

"मग लिही की."

"काय लिहू, आबा?"

दारात मेंढरं खोळंबून ओरडत होती. रायभानला त्या ओळीवरचं बोट काही उचलता येईना.